मागची डावी काच

जगातली शहाणीसुरती माणसं जुन्या गाडीला रंगरंगोटी करून नवी करतात. हा गृहस्थ नवीकोरी गाडी घ्यायचा आणि तिला जुनी करायचा. चाकांच्या आत वाळलेला चिखल, बंपरवर खरचटल्याची रेघ, सीटवर सांडलेल्या चहाचा डाग. गाडी अर्थात वीतभर लांबीची. डायकास्ट, म्हणजे ओतीव धातूची, आणि खऱ्या गाडीच्या बरोबर एक अठरांश. दुकानातून आणलेल्या चकचकीत मॉडेलचा रंग उतरवायचा, आतलं सगळं नव्यानं करायचं, आणि मग डोळ्याला भिंग लावून त्या गाडीवर दहा वर्षांचा वापर चढवायचा, हा त्याचा छंद.

पोटापाण्याचा उद्योग मात्र दातांचा. डॉक्टर तोंडाचे साचे पाठवायचे आणि हा लॅबमध्ये बसून कॅप, ब्रिज, कवळ्या बनवायचा. गल्लीत सगळे त्याला दातवाला म्हणत. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाशी रोजचा संबंध असलेला माणूस. याच्यासमोर भूत उभं राहिलं तर हा आधी व्हर्निअर काढून त्याची उंची मोजेल, असं त्याची बायको म्हणायची. म्हणायची, म्हणजे पूर्वी. त्या घरातली थट्टामस्करी बंद होऊन तीन वर्षं झाली होती.

तीन वर्षांपूर्वी काय झालं ते आधीच सांगून टाकलेलं बरं. ते राखून ठेवण्यात काही मजा नाही.

रविवारची दुपार होती. दातवाला मुलीला घेऊन गाडीनं निघाला होता. मुलगी साडेचार वर्षांची. एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून तिचं नाव भिंगरी पडलेलं. वाटेत मॉडेलचं दुकान लागलं. त्याला रंगाची एक बाटली हवी होती, पाच मिनिटांचं काम. भिंगरी मागे डावीकडे तिच्या छोट्या खुर्चीत, पट्ट्यानं बांधलेली, गाढ झोपली होती. झोपलेल्या पोराला कशाला उठवा, म्हणून त्यानं काचा वर केल्या, गाडी लॉक केली आणि तो आत गेला. आत दुकानदारानं नवीन आलेलं मॉडेल त्याच्यासाठी मुद्दाम खोक्यातून काढलं. बॉनेट उघडून झालं, इंजिन बघून झालं, सीटच्या शिवणीबद्दल दोघांचा वाद झाला. बोलता बोलता पाऊण तास गेला. बाहेर रणरणतं ऊन होतं.

पुढचं सगळं झालं तसं झालं. चौकशी झाली, जबाब झाले, कागद फायलीत गेले. उरलं ते डॉक्टरांचं एक वाक्य. "झोपेतच गेली, तिला काही कळलं नाही." त्या घरातली दोन माणसं या एका वाक्यावर तग धरून होती. बायको कधी भांडी लावताना, कधी कपड्यांच्या घड्या घालताना मधेच थांबायची आणि विचारायची, "झोपेतच ना रे?"

तो म्हणायचा, "हो गं. झोपेतच."

मग दोघं पुन्हा आपापल्या कामाला लागायची. हे वाक्य नसतं तर त्यानं काय केलं असतं, याचा विचारही तो करत नसे.

खरी गाडी भंगारात गेली. मॉडेलं, रंग, एअरब्रश, सगळं खोक्यांत भरून माळ्यावर गेलं. त्या दुकानाच्या रस्त्यानं तो जात नसे आणि दुकानदारानंही कधी फोन केला नाही.

आणि एके दिवशी बायकोच म्हणाली, "आपली गाडी करशील का रे? छोटी?"

त्याला वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली.

"आपली म्हणजे?"

"आपली म्हणजे आपली. राखाडी. तिची खुर्ची असलेली." ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. बोलताना सवयीनं आपलाच चष्मा काढून पुसत होती. "आपण तिघं एकत्र असायचो ती तीच एक जागा. बाकी वेळी तू लॅबमध्ये, मी दुकानात. मला ती एकदा बघायचीय."

तो माळ्यावर चढला.

त्यांच्या गाडीचं मॉडेल शोधायला महिना गेला. मिळालं ते चांगलं जड होतं. पुढची दोन दारं उघडत, बॉनेट उघडे, डिकी उघडे. मागची दारं मात्र नुसती कोरलेली. दाराच्या रेघा होत्या, दार नव्हतं, धातू एकसंध. या किमतीच्या मॉडेलला ते तसंच असतं, त्यात नवल नाही.

मग कामाला सुरुवात झाली आणि घरात एक आक्रीत घडलं. बायको त्याच्या शेजारी स्टूल घेऊन बसू लागली. तो रंग मिसळायचा आणि ती म्हणायची, "इतका काळपट नव्हता." तो बंपरवर ओरखडा काढायला जायचा आणि ती म्हणायची, "तिकडे नाही रे, या बाजूला. तुझ्या कसा लक्षात राहील? तूच पाडलेला ना." आणि खरं सांगायचं तर दोघं हसली. छोटंसं, घाबरत घाबरत, पण हसली. दातांच्या रेझिनची त्यानं भिंगरीची खुर्ची घडवली. पट्ट्याला बायकोनं लाल साटीनची रिबीन आणली आणि दीड मिलिमीटरच्या पट्ट्या तिनंच कापल्या. खुर्चीच्या पुढ्यात बिस्किटाचा चुरा हवा, असं ती म्हणाली. त्यानं बारीक भुसा रंगवून तो केला. खुर्चीत बसवायला बाहुली करू या, असं मात्र दोघांपैकी कोणीही म्हणालं नाही.

पाच आठवड्यांनी, एका रविवारी दुपारी, गाडी मिटायची वेळ आली. बॉडी आणि तळ चार स्क्रूंनी जोडायचे असतात. त्यातल्या एका स्क्रूची खुंटी तुटली. अशा वेळी सावकाश सुकणारा गोंद लावावा आणि एक दिवस कळ काढावी. पण बायको दारात उभी राहून म्हणाली, "झालं का रे?" तिचा आवाज ऐकून त्याला 'उद्या' म्हणवेना. त्यानं सुपरग्लूचा मोठा थेंब सोडला, बॉडी दाबून धरली आणि वर ॲक्रिलिकची पारदर्शक पेटी झाकली.

वीस वर्षं मुरलेल्या माणसानं केलेली ही नवशिक्याची चूक. सुपरग्लूची वाफ कोंडली की काचांवर आतून पांढरं धुकं धरतं. त्यानं स्वतः कितीजणांना हे बजावून सांगितलं होतं.

तासाभरानं पेटी उचलली. धुकं धरलंच होतं. बायको चहा ठेवायला आत गेली होती तेवढ्यात त्यानं स्वतःला दोन शिव्या हासडल्या आणि नुकसान किती ते बघायला भिंग डोळ्याला लावलं.

पुढची काच, मागची काच, उजवीकडच्या दोन्ही, सगळीकडे पिठाचा हात लागावा तसा पातळ थर होता. मागच्या डाव्या काचेवर मात्र धुकं पसरलं नव्हतं. तिथे ते एका जागी गोळा झालं होतं. पाच ठिपके, त्यांच्याखाली बारीक रेघा, आणि खाली एक लंबगोल.

तो तळहात होता. आतून टेकवलेला.

त्यानं भिंग पुसलं आणि पुन्हा पाहिलं. मग त्याच्या स्वभावाप्रमाणे त्यानं व्हर्निअर घेतलं. सहा पूर्णांक एक मिलिमीटर. अठरानं गुणलं. एकशे दहाला थोडे कमी. कपाटात वरच्या कप्प्यात बालवाडीतला एक कागद होता, पिवळ्या रंगात बुडवून उठवलेला हात. तीन वर्षांत त्याला कोणी हात लावला नव्हता. त्यानं तो काढला, उलगडला आणि मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटापर्यंत पट्टी धरली.

एकशे दहा.

"काय झालं?" बायको चहा घेऊन आली.

"धुकं धरलं. परत उघडावी लागेल." त्यानं गाडीवर फडकं टाकलं.

"होतं असं," ती म्हणाली. पण ती त्याच्याकडे बघत होती, गाडीकडे नाही.

दुसऱ्या दिवशी लॅबमधून त्यानं फोन लावला. दुकानदारानं पहिल्याच घंटीला उचलला.

"एक विचारायचं होतं," दातवाला म्हणाला. "ग्लूच्या धुक्यात बोटांचे ठसे उठतात का?"

"उठतात ना." दुकानदाराचा आवाज घोगरा होता. "काच बसवताना हात लागलेला असतो. एरवी दिसत नाही. वाफ त्यावरच जाऊन बसते. तपासवाले पण हीच युक्ती वापरतात."

"म्हणजे वाफेनं ठसा होत नाही?"

"छे. वाफ काय करणार? ठसा आधीचाच असतो. वाफ फक्त दाखवते."

दातवाल्यानं हातातला साचा बाजूला ठेवला.

"अरे," दुकानदार म्हणाला, "त्या दिवशी मी ते खोकं उघडलं नसतं ना..." दातवाल्यानं हळूच फोन ठेवला. दुकानदाराला धीर द्यावा असं आपल्याजवळ काही शिल्लक नाही, हे त्याला कळत होतं.

काचा त्यानं खरं तर हातमोजे घालून, चिमट्यानं बसवल्या होत्या. आणि त्याच्या एका बोटाचा ठसाही त्या अख्ख्या तळहातापेक्षा मोठा उठला असता.

त्यानं गाडी उघडली. काचा बाहेर काढून पॉलिश केल्या, उजेडात धरून सगळ्या बाजूंनी तपासल्या. काच लख्ख होती. खुंटी या वेळी सावकाश सुकणाऱ्या गोंदानं जोडली. त्या गोंदाला वाफ नसते. गाडी तीन दिवस उघडी ठेवली, मग मिटली. पेटी झाकलीच नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मागची डावी काच पांढरी झाली होती. बाकीच्या स्वच्छ.

आता एक तळहात नव्हता. एकावर एक, एकात एक असे किती होते ते मोजणं त्यालाही जमेना. खालच्या कडेपाशी सुरू होऊन ते वर गेले होते. वरचे फराटलेले होते. मग पुन्हा खाली आले होते, आणि खालचे अगदी पुसट होते.

झोपलेलं मूल काचेवर असे हात मारत नाही.

मग त्यानं गाडीवर फडकं टाकलं, तोंड धुतलं आणि लॅबला गेला. त्या दिवशी त्यानं तीन कॅप चुकीच्या मापाच्या केल्या.

संध्याकाळी भाजी निवडताना बायकोनं विचारलं, "झोपेतच ना रे?"

त्यानं तोंड उघडलं. तीन वर्षांत शेकडो वेळा दिलेलं उत्तर. शेवटी "हं" एवढंच बाहेर पडलं.

बायकोचे हात थांबले. तिनं वर पाहिलं नाही. भाजीचं ताट बाजूला सारून ती उठली, सरळ आतल्या खोलीत गेली आणि तिनं फडकं उचललं.

तो तिच्या मागे धावला. "थांब, बघू नको, अगं ती वाफ धरलीय नुसती..."

ती वाकून बघत होती. चष्मा कपाळावर सरकवून, काचा तपासायची तिची रीत. मग तिनं खिशातून चष्मा पुसायचं मऊ कापड काढलं आणि बाहेरून ती इवलीशी काच पुसू लागली. शांतपणे, गोल गोल. ठसे हलले नाहीत.

"आतून आहेत," तो म्हणाला.

"माहितीये मला," ती म्हणाली. "तेव्हाही आतूनच होते."

"तेव्हा म्हणजे?"

"पोलिसांनी गाडी परत आणून लावली तेव्हा तू औषध घेऊन पडला होतास. मी खाली गेले. वाटलं, तिची चादर घेऊन यावी." ती अजून पुसतच होती. "मागची डावी काच. खालपासून वरपर्यंत. मी तिथेच तिच्या खुर्चीशेजारी बसले आणि पुसून काढली. मी काच पुसली की डाग राहत नाही रे. तुला दिसायला नको होतं."

"पण तू... तू तर मला विचारायचीस..."

"तू 'झोपेतच' म्हणालास की मला कळायचं, तुला अजून कळलेलं नाही. तेवढं पुरायचं मला." ती पुसायची थांबली. "तुला कळलं असतं तर तू राहिला नसतास. मी दोघांना कसं घालवलं असतं, सांग ना."

तो खाली बसला, जमिनीवरच. तीन वर्षं तो तिला सांभाळतोय असं त्याला वाटत होतं. तो रडला, तोंडावर हात न घेता, लहान मुलासारखा मोठ्यानं. तीही त्याच्या शेजारी येऊन बसली. एकमेकांना धरायचं सुचायलासुद्धा त्यांना वेळ लागला.

"मग गाडी का करायला लावलीस?" रडणं ओसरल्यावर त्यानं विचारलं.

"डोळे मिटले की मला तीच काच दिसते. म्हटलं, तू करशील ती तरी स्वच्छ असेल."

खिडकीतून मावळत्या उन्हाची तिरीप टेबलावर आली होती. बायकोनं डोळे पुसले आणि गाडी उचलून त्याच्यासमोर धरली.

"मागचं दार उघड."

"ते उघडत नाही. नुसतं कोरलेलं आहे."

"मग काप."

त्यानं लॅबच्या पिशवीतून कॅप कापायचा-घासायचा हँडपीस काढला. सगळ्यात बारीक चकती लावली. बायकोनं गाडी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि त्यानं दाराच्या रेघेवर चकती टेकवली.

पाच आठवड्यांचा रंग टवके उडून गेला. धातूचा कीस तिच्या मनगटांवर पडत होता. ती हलली नाही.

वरची कड. मागची कड. खालची. शेवटी पुढची.

दार सुटून त्याच्या तळहातावर आलं. काच त्यातच राहिली होती.

"पट्टा," ती म्हणाली.

तिनं चष्म्याच्या स्क्रूंचा चिमटा आणला. श्वास रोखून तो आत घातला आणि लाल रिबिनीचं टोक ओढलं. एक बाजू सुटली. मग दुसरी.

"जा," ती खुर्चीकडे बघून म्हणाली. "जा राणी."

त्यानं काढलेल्या दारावरची काच आतून अंगठ्यानं पुसली. या वेळी ती पुसली गेली.

पुढचे आठ दिवस काचा स्वच्छ होत्या. तो सकाळ-संध्याकाळ भिंग लावून तपासत होता. गाडी टेबलावर तशीच होती, एका बाजूनं फाडलेली, रंगाचे टवके उडालेली. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात एक कड वाकडी सोडली नाही, त्यानं ती कड तासलीसुद्धा नाही. बायकोनं परत तो प्रश्न विचारला नाही. एका सकाळी तिनं चक्क चेष्टा केली, की इतकी रद्दड गाडी तुझ्या हातून पहिल्यांदाच झाली. दोघांना भूक लागू लागली. एकदा तर भिंगरीबद्दल बोलताना, ती चालत्या गाडीत गाणी म्हणायची आणि शब्द विसरली की नुसतंच मोठ्यानं ओरडायची हे आठवून, दोघं न घाबरता हसली.

नवव्या दिवशी सकाळी लॅबला निघताना तो टेबलापाशी थांबला. ऊन तिरकं पडलं होतं, म्हणून भिंगाशिवायच दिसलं. डाग ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेवर होता.

त्यानं भिंग लावलं.

ठसे बाहेरून होते. काचेच्या अगदी खालच्या कडेशी, टाचा उंच करून जेमतेम पोचावं तसे. दोन तळहात, सपाट टेकलेले नव्हते, करंगळीच्या कडेवर उभे होते. आत नीट दिसावं म्हणून डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना आडोसा धरतात तसे. दोहोंच्या मधोमध, नाक टेकतं तिथे, एक बारीक गोल डाग.

आत ड्रायव्हरची सीट रिकामी होती.

गोल डागाच्या खाली काचेवर थोडी वाफ धरली होती. तो बघत असताना ती कडेकडेनं आटत गेली. मग पुन्हा धरली.